धुळ्याच्या सर्व्हरची आखाजी

मौल्यवान वस्तूची एक प्रत दुसऱ्या गावी असावी, हा संस्कृतीचा पाया आहे. राज्यं बुडाली, ग्रंथालयं जळाली, पण ज्यांनी दुसरी प्रत दूर कुठेतरी ठेवली ते तरले. जळगावच्या सातपुडा-तापी दिव्यांग सेवा मंडळाला हा पाया सापडला तो असा : एका दात्याने दोन सर्व्हर भेट दिले, आणि दुसरा ठेवायला जळगावच्या ऑफिसात टेबल उरलं नव्हतं. धुळ्याच्या शाखेत टेबल होतं. त्यावर फक्त नवलनानांचा जेवणाचा डबा असायचा.

मंडळाचं काम पाय करण्याचं. अपघातात, साखरेच्या आजारात किंवा उसाच्या चरकात ज्यांचा पाय गेला त्यांना मंडळ नवा पाय बसवून देई. शिबिरात हितेंद्र एक हातात धरायचं यंत्र उरलेल्या पायाभोवती फिरवी, त्याचं माप लॅपटॉपमध्ये जाई, आणि त्या मापावरून जळगावच्या कार्यशाळेत पायाचा वरचा कप तयार होई. सगळं कौशल्य त्या कपात. कप बरोबर बसला तर माणूस बाजाराला चालत जातो. नाही बसला तर पाय कोपऱ्यात उभा राहतो आणि माणूस खाटेवर.

हितेंद्र मंडळाचा संगणक सहायक होता. वय चौतीस, लग्न झालेलं, नोकरी कंत्राटी. स्वभावाने तो सावध. जेवायला घरी येतो की नाही हेही बायकोला नक्की सांगत नसे, म्हणे, ‘बघू.’ पण चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी झालेल्या शिबिरात त्याच्या तोंडून एक वचन निघून गेलं.

ते धनीबाईमुळे. धनीबाई डोंगरातल्या पाड्यावरून मुलाच्या, मंगाच्या, मोटारसायकलवर मागे बसून आली होती. एका हातात कुबडी, दुसऱ्या हाताने मंगाचा शर्ट घट्ट धरलेला. याआधी दुसऱ्या कुठल्याशा संस्थेने तिला माप द्यायला बोलावलं होतं. मग ते प्लास्टरचं माप फुटलं म्हणून पुन्हा बोलावलं. मग साहेब आलेच नाहीत म्हणून तिसऱ्यांदा या म्हणाले.

“हे बघ भाऊ,” यंत्र फिरत असताना ती म्हणाली, “पाय दे, नाहीतर नको देऊ. पण परत बोलवू नको. तेवढं उतरून यायला दुसरा पाय लागतो, आणि तो तर तुमच्याकडे.”

“अक्का, आता तुम्ही नाही यायचं,” हितेंद्र म्हणाला. “आता पायच तुमच्याकडे येईल.”

रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. रांग तीनशेच्या वर माणसांची होती. प्रत्येकाने ते वचन आपल्यालाच दिलं असं धरलं, आणि हितेंद्रच्या लक्षात आलं की आता माघार नाही. लॅपटॉपमधली मापं त्याने जळगावच्या सर्व्हरवर चढवली, पुढच्या शिबिरासाठी लॅपटॉप रिकामा केला, आणि झोपला. मापं जळगावात होती. जळगावातून ती आपोआप धुळ्याला जात होती. जळगावच्या सर्व्हरवर जे होईल ते धुळ्याच्या सर्व्हरवर व्हायचं, अशी सोयच होती.

ती सोय नीट चालली आहे का, हे बघायला हितेंद्रकडे एक कमांड होती. काळा पडदा उघडायचा, त्यावर एक ओळ टाइप करायची, शेवटी धुळ्याच्या मशीनचं नाव घालायचं, आणि एंटर. कमांडचं खरं नाव नऊ अक्षरी, त्यात एकही स्वर नाही. म्हणून ऑफिसात तिला ‘विचारपूस’ म्हणत. विचारपूस तिकडे जाऊन तीन गोष्टी विचारून यायची : मशीन जागं आहे का, इथलं किती तिथं पोचलं, आणि किती अजून रांगेत आहे. एवढंच. ती काही दुरुस्त करत नसे, काही थांबवत नसे. लग्नघरातल्या आत्यासारखी चौकशी करून परत यायची.

मापं चढवण्यापलीकडे हितेंद्रला अधिकार होता तोही तेवढाच. बाकी सगळे अधिकार मंडळाचे सचिव चुडामण आबा यांच्याकडे. आबा निवृत्त प्राचार्य. सर्व्हर आले त्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं, “बघण्याचा अधिकार तुला, करण्याचा मला. यालाच प्रशासन म्हणतात.” सर्व्हरच्या खोलीची किल्लीही आबांच्याच खिशात असे. त्या खोलीत एसी होता, आणि आबांच्या केबिनमध्ये नव्हता, हे त्यामागचं कारण आहे असं कुणी उघड म्हणत नसे.

त्या वर्षी आखाजी एप्रिलच्या शेवटाला आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी सराफाकडे जातो, खानदेश झोके बांधतो. माहेरवाशिणी येतात, घागर भरली जाते, आणि वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, सालदाराचं, साल त्या दिवशी संपतं. हितेंद्रने वरणगावहून बहिणीला आणलं, दोन दिवस तिची मुलं खांद्यावर घेतली, तिला परत पोचवलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात येऊन पहिलं काम विचारपुशीचं केलं.

धुळे उत्तर देत नव्हतं. आणि रांगेत हजारोंनी काहीतरी साचलं होतं.

त्याने नवलनानांना फोन लावला. नवलनाना धुळ्याच्या शाखेचे रखवालदार, शिपाई आणि शाखाधिकारीही. शाखेत ते एकटेच होते. ते शिंदखेड्याकडे आपल्या गावी होते, मागे कोंबडा ओरडत होता.

“नाना, मशीन बंद आहे का?”

“हा भाऊ, बंद शे.”

“लाइट गेली का?”

“लाइट कसाले जाई? मीच बंद करं. आखाजी ना! त्याले सुटी दिन्ही.”

हितेंद्रने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. “कोणाला सुटी दिली?”

“मशीनले. सालभर राबस बिचारं, रात ना दिन. सालदारले बी आखाजीनी सुटी ऱ्हास, भाऊ. मी तीस साल सालदार व्हतू, माले माहीत शे.”

हितेंद्रला राग आला. एरवी येतो त्यापेक्षा जास्त आला, कारण त्याच्या मागे वचन होतं. तो म्हणाला ते शब्द वाईट नव्हते, पण आवाज वाईट होता. मशीनला सुटी नसते, नाना. मशीन म्हणजे बैल नाही. तीनशे माणसांचे पाय आहेत त्यात. आत्ताच्या आत्ता धुळ्याला जा आणि चालू करा.

“बरं भाऊ,” नवलनाना म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं, पण ते आवाजात आणलं नाही. “गाडी सापडनी का दुपारले चालू करी देसू.”

फोन ठेवल्यावर हितेंद्रला बरं वाटलं. अधिकार वापरल्यावर माणसाला वाटतं तसं बरं. त्या भरात त्याने विचारपूस पुन्हा केली, या वेळी जरा तपशिलात : रांगेत नेमकं काय काय उभं आहे ते सांग.

पडद्यावर ओळी सरकू लागल्या. प्रत्येक ओळीत एक माप. चोपडा शिबिर, धनीबाई, डावा पाय. चोपडा शिबिर, गोपाल, उजवा. चोपडा शिबिर, हेमलता, डावा. आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकच हुकूम : काढून टाका.

हितेंद्रला आधी वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. मग त्याने जळगावच्या सर्व्हरवर मापांचा फोल्डर उघडायला घेतला. फोल्डर नव्हता.

म्हणजे रांगेत उभी होती ती मापं नव्हती. मापं पुसण्याचे हुकूम होते. जळगावात कुणीतरी सगळं पुसलं होतं, आणि धुळ्याचं मशीन जागं झालं की पहिलं काम तेच करणार होतं : मालकाने पुसलं, मीही पुसतो. आज तीन दिवस ते झालं नव्हतं ते केवळ नवलनानांनी सुटी दिली म्हणून. आणि सुटी हितेंद्रने आत्ताच रद्द केली होती.

त्याने नवलनानांना फोन लावला. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती’ वगैरे. नाना एसटीत बसले होते, आणि एसटीत बसल्यावर नाना फोन बंद करून बनियनच्या खिशात ठेवत, बॅटरी खर्च होऊ नये म्हणून.

पुसण्याचा अधिकार एकाच माणसाला होता. हितेंद्रने आबांना फोन लावला. आबा भुसावळला एका दात्याच्या सत्काराला गेले होते. मागे बँड वाजत होता.

“आबा, मापांचा फोल्डर...”

“हां हां, ते मी केलं,” आबा उत्साहाने म्हणाले. “अरे, मागच्या सत्काराचं चित्रीकरण चढवत होतो. ड्रोनने घेतलेलं. जागा नाही म्हणाला. मग बघितलं सगळ्यात जड काय आहे. मापं! आणि मापं तर धुळ्याला आहेतच. एकच वस्तू दोन गावी ठेवून इथली जागा का अडवायची? उगाच सुटीत तुला त्रास दिला नाही.”

“आबा, इथलं पुसलं की धुळ्याचंही पुसलं जातं.”

बँडचा आवाज लांब गेला. आबा बाजूला आले होते.

“असं कसं?” आबा म्हणाले. “मग त्याला प्रत कशाला म्हणतात?”

खरं तर तो प्रश्न चांगला होता, पण हितेंद्रला घाई होती. तो म्हणाला, “आबा, तुमचा पासवर्ड द्या. मी इथून थांबवतो. नाना दुपारी मशीन चालू करणार आहेत.”

“पासवर्ड फोनवर सांगायचा नसतो,” आबा म्हणाले. “सख्ख्या मुलालाही नाही. तूच तर सांगितलंस प्रशिक्षणात. भिंतीवर कागद लावलायस तू.”

“आबा, तो कागद चोरांसाठी आहे.”

“आणि तूच बोलतोयस कशावरून? आवाज तुझ्यासारखा वाटत नाहीये.”

आवाज खरंच हितेंद्रसारखा राहिला नव्हता. आबा म्हणाले, मी संध्याकाळी येतो, समोरासमोर बसू. मग दात्याच्या गळ्यात हार घालायची वेळ झाली.

बाहेरच्या टेबलावर रूपाली होती. मंडळाचा हिशेब, फोन, पाहुण्यांचा चहा आणि पेशंटांची समजूत, हे सगळं तिच्याकडे. हितेंद्रने तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने एक हात गालाला लावला.

“अरे देवा. त्या धनीबाईला परत बोलवायचं म्हणजे कोण सांगणार? मी नाही हं भाऊ. मागच्या वेळी फोनवर ‘शिबिराची तारीख बदलली’ म्हटलं तर मंगा म्हणाला, मग पाय कापायची तारीखही बदलायची ना.”

“मी धुळ्याला जातो.”

“आत्ता? उन्हात? मोटारसायकलवर?” रूपाली म्हणाली. “वितळशील. मंडळ पाय देतं, अख्खा माणूस नाही देत.”

तो डोक्याला उपरणं गुंडाळत होता. तिला त्याने काळा पडदा दाखवला, ओळ कशी टाइप करायची ते दाखवलं. दर थोड्या वेळाने विचारपूस करायची आणि फोनवर सांगायचं. जोवर धुळे उत्तर देत नाही तोवर मशीन बंद आहे. उत्तर दिलं की संपलं.

“यात मी काही दाबलं तर काही फुटणार नाही ना?”

“नाही. ही फक्त विचारते.”

“म्हणजे माझ्या सासूबाईंसारखी नाही,” रूपाली म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढली.

जळगाव ते धुळे हा रस्ता आता चांगला झाला आहे. हे वाक्य खानदेशात लोक जरा संशयाने म्हणतात, पण खरं आहे. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. ऊन असं की रस्त्यावर पुढे पाणी दिसायचं आणि जवळ गेलं की नसायचं. एरंडोलच्या पुढे एका लिंबाखाली त्याने गाडी थांबवली.

“रूपाली, काय म्हणतंय?”

“उत्तर देत नाही.”

“देव पावला.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या ओळीचा आनंद झाला होता. एरवी ‘उत्तर देत नाही’ दिसलं की तो लगेच धुळ्याला फोन लावायचा. आता तो गाडीला किक मारताना पुटपुटला, नको देऊ, बाबा, नको देऊ. पारोळ्याला पुन्हा फोन केला.

“उत्तर देत नाही,” रूपाली म्हणाली. “मी चारदा विचारलं. पाचव्यांदा मलाच लाज वाटायला लागली.”

नवलनानांचा फोन अजून बंदच. पण हितेंद्रच्या मनात आता एक वेगळीच गोष्ट चालू होती. तो नानांवर ओरडला होता, आणि जे काही वाचलं होतं ते नानांमुळे. प्रोग्रॅमच्या दीड लाख ओळी असलेल्या त्या सगळ्या यंत्रणेत एका माणसाने मशीनला दमलेलं समजलं होतं, आणि तेवढ्यावर तीनशे पाय उभे होते. त्याने ठरवलं, पोचलो की आधी माफी. मग पाणी.

धुळ्याला देवपुरात शाखेची एक खोली, पुढे पत्र्याची ओसरी. दार उघडं होतं. आत उदबत्तीचा वास होता. आणि पंख्याचा आवाज.

तो छताच्या पंख्याचा नव्हता. सर्व्हरच्या पंख्याचा होता.

मशीन टेबलावर चालू होतं. त्याच्या माथ्यावर हळद-कुंकू, पुढे फोडलेला नारळ, पानावर खापरावरच्या पुरणपोळीचा एक चतकोर. हिरवा दिवा मिचमिचत होता. नवलनाना शेजारी स्टुलावर बसून समाधानाने बघत होते.

“ये भाऊ! तूच उना? चालू करी दिन्हं ना मी!”

“कधी?” हितेंद्रने विचारलं. उपरणं सोडायचंही त्याला सुचलं नाही.

“व्हयना घंटा-दीड घंटा. आधी त्याले इचारं, आखो एक साल ऱ्हाशी का भो? सालदारले इचारनं पडस. मंग बटन दाबं. हिरवा लागना. राजी शे!”

हितेंद्र खुर्चीत बसला नाही, पडला. तास-दीड तास. हुकूम पोचायला काही क्षण पुरतात. धनीबाईला फोन कोण करणार, हा प्रश्न आता खरा झाला होता. त्याला मनातल्या मनात मंगाचा आवाज ऐकू येऊ लागला. ‘मग आईला सांगू का, की परत?’ आणि मागे धनीबाई कुबडी उचलते, ते सगळ्यात वाईट.

तरी त्याने धुळ्याच्या मशीनवर काळा पडदा उघडला, आणि मापांचा फोल्डर विचारला. माणूस मेला आहे हे कळल्यावरही नाडी बघतात, तसा.

फोल्डर होता.

त्यात चोपडा होतं. चोपड्यात धनीबाई होती, डावा पाय. गोपाल होता. हेमलता होती. सगळे होते. त्याने उलटी विचारपूस केली, धुळ्याहून जळगावची. पडद्याने सांगितलं : जळगाव उत्तर देत नाही.

का देत नाही, याचा विचार करायला हितेंद्र थांबला नाही. त्याने टेबलामागे हात घालून नेटची वायर उपटली, इतक्या जोरात की नारळाची एक वाटी घरंगळत दारापर्यंत गेली. मग बॅगेतली हार्ड डिस्क काढून सगळी मापं तिच्यावर घेतली. मग दुसऱ्या डिस्कवर घेतली. मग उठला आणि नवलनानांच्या पाया पडला.

“अरे! अरे, काय करी ऱ्हायना?” नाना स्टुलावरून उठले. “ऊन लागनं का तुले? बठ. बठ आधी.”

त्यांनी त्याच्या डोक्यावर ओला पंचा टाकला, त्याच्या हातात फोडलेला कांदा दिला हुंगायला, आणि माठातलं पाणी तांब्याने. हितेंद्र एका हातात कांदा आणि एका हातात तांब्या घेऊन बसला आणि सगळं सांगू लागला. ओरडलो, चुकलो नाना, तुम्ही सुटी दिली म्हणून वाचलं. कांद्यामुळे की कशाने, डोळ्यांतून पाणी येत होतं. दोघांनीही कांद्यामुळे असं धरलं.

“पण एक कळत नाही,” तो शेवटी म्हणाला. “तुम्ही दीड तास आधी चालू केलं. मग पुसलं का नाही?”

नवलनानांना त्यात न कळण्यासारखं काहीच वाटलं नाही.

“आखाजी झायी, सालदार कामवर उना,” ते म्हणाले, “तरी पह्यला दिन कोनी औत धरस का? निस्ता बसस. वावर दखस. तमाखू मळस. काम दुसरा दिनले.” आणि मशीनच्या पाठीवर त्यांनी हलकेच थाप मारली. “शहाणं शे.”

हितेंद्रने त्यावर वाद घातला नाही. तो पदवीधर होता, पण त्या क्षणी त्याच्याकडे याहून बरं स्पष्टीकरण नव्हतं. त्याने पुरणपोळीचा तो चतकोर मशीनच्या वतीने खाल्ला.

संध्याकाळी जळगावात आबा समोरासमोर बसले. पासवर्ड स्वतः टाइप केला, दुसऱ्या हाताने झाकून. रांगेतले हुकूम रद्द झाले, मापं परत चढली, ड्रोनचं चित्रीकरण खाली उतरलं. आबांनी मापांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. धनीबाईच्या नावापाशी ते थांबले.

“ही तीच का? परत बोलवू नको म्हणणारी?”

“हो आबा.”

“बरं झालं,” आबा म्हणाले. मग चष्मा पुसला. प्राचार्य असताना त्यांनी कुणाला ‘माझं चुकलं’ म्हटल्याची नोंद नाही, आणि आताही झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी हितेंद्रला ‘करण्याचा’ अधिकारही दिला, लेखी, आणि सर्व्हरच्या खोलीची दुसरी किल्ली.

जूनच्या आधी धनीबाईचा पाय तयार झाला. हितेंद्रने तो स्वतः गाडीवर बांधून नेला, पाड्यापर्यंत, जिथवर गाडी जाते तिथवर, आणि पुढे खांद्यावर. कप बसला. धनीबाई अंगणात उभी राहिली, मंगाचा शर्ट सोडला, आणि कुडाच्या दारापासून मोहाच्या झाडापर्यंत जाऊन परत आली. मंगा तोंड फिरवून गाडीची चेन बघत बसला.

“बोलवलं नाहीस,” ती म्हणाली.

“नाही अक्का.”

“पहिलाच तू.” मग तिने त्याला मोहाची फुलं दिली, वाळवलेली, एक मोठी पिशवी भरून. त्या फुलांचं करायचं काय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण नको म्हणण्याची त्याची छाती झाली नाही. परत येताना सातपुडा उतरेपर्यंत तो एकटाच हसत होता.

मंडळाने पुढच्या बैठकीत आभाराचे ठराव केले. दात्याचे आभार, त्याने दोन सर्व्हर दिले म्हणून. आबांचे आभार, दुसरा धुळ्याला ठेवण्याची दूरदृष्टी दाखवल्याबद्दल. हितेंद्रचे आभार, उन्हातून गेल्याबद्दल. सगळ्यात मोठा ठराव नवलनानांचा. त्यांना शाल, श्रीफळ, आणि त्यांच्या सूचनेवरून एक कायमचा नियम : दर वर्षी आखाजीच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस धुळ्याच्या सर्व्हरला पगारी रजा, आणि रजेवरून आल्यावर पहिल्या दिवशी त्याच्याकडून कामाची अपेक्षा ठेवू नये. हा नियम टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. नाना भाषणात एवढंच म्हणाले की मशीन चांगलं शे, त्याले कोनी ओरडू नका. हितेंद्रने सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या.

धुळ्याचं मशीन त्या दिवशी निवांत बसलं नव्हतं. चालू झाल्यापासून ते जळगावला सारखी हाक मारत होतं. जळगावच्या ऑफिसातलं इंटरनेट मात्र हितेंद्र निघाल्यावर दहा मिनिटांत बंद झालं होतं, कारण रूपालीला आंब्याचा रस काढायला मिक्सर लावायचा होता आणि राउटरची पिन काढल्याशिवाय जागा नव्हती. ती पिन परत लावायचं तिला संध्याकाळपर्यंत आठवलं नाही.